स्वभावचाचणीचा निकाल कितपत मनावर घ्यायचा?

अर्धविराम:

गेल्या महिन्यात ऑफिसात प्रशिक्षणाच्या नावाखाली आम्हा सगळ्यांची स्वभावचाचणी झाली. प्रत्येक प्रश्नाला दोनच पर्याय आणि शेवटी चार अक्षरांचा शिक्का. माझ्या शिक्क्यात पहिलंच अक्षर अंतर्मुखाचं. चार लोकांत बोलायला मला काही वाटत नाही, फक्त त्यानंतर तासभर कुणी डोकं खाऊ नये एवढीच अपेक्षा असते. म्हणून घरी येऊन तीच चाचणी पुन्हा दिली. या खेपेला बहिर्मुख! बाकीची तीन अक्षरं जशीच्या तशी.

माझ्यापुरतं असतं तर हसून सोडून दिलं असतं. पण माझ्या हाताखाली एक छोटी टीम आहे आणि वरून सूचना आली आहे की यापुढे कामांची वाटणी शिक्का बघून करा. त्यातले तिघं सारखे डोळ्यांसमोर येतात. नावं नको, क, ख, ग म्हणते.

क बैठकीत तोंड उघडत नाही. पण बैठक संपली की त्याची ईमेल येते, "ही तारीख पाळता येणार नाही, कारणं खाली दिली आहेत." खाली खरोखरच मुद्देसूद कारणं, आणि प्रत थेट साहेबांना. निकालपत्र त्याच्याबद्दल म्हणतं, 'भिडस्त, नकार द्यायला कचरणारा'. ख च्या टेबलावर नवा कागद ठेवायला जागा नसते, पेनं सापडली तर टोपणं सापडत नाहीत, पण तिने कबूल केलेलं काम कधी उशिरा आल्याचं मला आठवत नाही. तिला मिळालंय, 'मनमौजी, मुदती न जुमानणारी'. आणि ग म्हणजे सगळ्यांचा लाडका, सदा हसतमुख. मात्र एखादा ग्राहक फोनवर चढ्या आवाजात बोलला की पुढचे दोन दिवस त्याचं कामात लक्ष नाही. त्याचा शिक्का इतका गोड आहे की यातलं अवाक्षरही त्यात नाही.

स्वभावाचे मुख्य पैलू असतात तरी किती, ते कुणी ठरवले आणि कशावरून? असल्या निकालावर माणसांना काम नेमून द्यावं का? आमचे आजोबा "स्वभावाला औषध नाही" म्हणून मोकळे व्हायचे. ते तरी खरं का?

खटपट्या:

अशी चाचणी मीही दिली होती. माझं वर्णन वाचून अंगावर काटा आला, इतकं तंतोतंत! मग शेजारी बसलेल्याचं वाचलं. तेही माझंच निघालं. :)

मोजपट्टी:

खटपट्या, तुमच्या या काट्यावर १९४८ सालीच प्रयोग झालाय. बर्ट्राम फोरर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने वर्गातल्या विद्यार्थ्यांची चाचणी घेतली आणि प्रत्येकाच्या हातात त्याचं 'खास' वर्णन ठेवलं. किती जुळतंय याला पाचपैकी गुण द्या म्हणाला. सरासरी आली ४.२६. सगळ्यांना दिलेला कागद एकच होता, आणि त्यातली बरीच वाक्यं राशिभविष्याच्या पुस्तकातून उचललेली होती. 'कधी तुम्ही लोकांत रमता, कधी आपल्याच कोषात जाता' याला नाही कोण म्हणणार?

आता अर्धविराम, तुमच्याकडे वळते. नोकरीभर मी हेच केलं, चाचण्या घ्यायच्या, गुण काढायचे, अहवाल लिहायचे. त्यामुळे जरा लांबण लागेल.

तुमच्या ऑफिसात नेमकी कुठली चाचणी होती कोण जाणे, पण चार अक्षरांची कल्पना कॅथरिन ब्रिग्ज आणि इसाबेल मायर्स या मायलेकींची. कार्ल युंगने १९२१ मध्ये मांडलेल्या व्यक्तिप्रकारांवर ती बेतलेली आहे. दोघींनी मानसशास्त्राचं रीतसर शिक्षण घेतलेलं नव्हतं, पण माझा आक्षेप तो नाही. माझा आक्षेप मधोमध मारलेल्या रेघेला आहे. माणसांची उंची मोजलीत तर बहुतेक जण मधल्या टप्प्यात येतात, फार उंच आणि फार बुटके थोडे. बहिर्मुखतेचंही तसंच आहे. मधोमध रेघ ओढून अलीकडचे सगळे 'बुटके' आणि पलीकडचे सगळे 'उंच' ठरवलेत, तर रेघेला चिकटून उभ्या असलेल्या दोघांना वेगवेगळी नावं मिळतात आणि रेघेजवळचा माणूस थेट टोकावरच्याच्या पंगतीत जाऊन बसतो. तुम्ही रेघेपाशी उभ्या आहात. एखाद-दोन उत्तरं इकडची तिकडे झाली की अक्षर बदललं. तुमच्यात काहीच बदललेलं नाही.

पैलू किती, याचा शोध शब्दकोशातून सुरू झाला. माणसामाणसांतले जे फरक रोजच्या व्यवहारात महत्त्वाचे असतात त्यांना भाषेत शब्द तयार होतातच, हा त्यामागचा तर्क. आपल्याकडेच बघा ना, चिकट, उतावळा, खडूस, भिडस्त, घुमा, आगाऊ, सोशिक, किती सांगावेत! १९३६ मध्ये गॉर्डन ऑलपोर्ट आणि हेन्री ऑडबर्ट यांनी इंग्रजीचा मोठा शब्दकोश चाळून जवळपास १८,००० शब्द काढले. तात्पुरत्या मनःस्थितीचे आणि नुसते शेलके शेरे वगळल्यावर टिकाऊ गुण सांगणारे साडेचार हजार उरले. पुढे रेमंड कॅटेलने ती यादी गाळून गाळून सोळा घटकांवर आणली. १९६१ मध्ये अमेरिकी हवाई दलासाठी काम करणारे ट्यूप्स आणि क्रिस्टल यांना वेगवेगळ्या गटांच्या माहितीतून पुन्हा पुन्हा पाचच गठ्ठे पडताना दिसले. तो अहवाल बरीच वर्षं धूळ खात पडला. १९८१ मध्ये लुईस गोल्डबर्गने त्या पाचांना 'बिग फाइव्ह' म्हटलं आणि ते नाव चिकटलं. म्हणजे हे पाच गुण कुणा ऋषीला सुचलेले नाहीत. कुठले शब्द एकाच माणसाला एकदम लागू पडतात, याच्या आकडेमोडीतून ते वर आले.

पाच कुठले? नव्या अनुभवांबद्दलची ओढ, काटेकोरपणा, बहिर्मुखता, जुळवून घेण्याची वृत्ती आणि भावनिक चंचलता, म्हणजे मन चटकन अस्वस्थ होणं. पहिला आणि चौथा सध्या बाजूला ठेवते, तुमच्या तिघांचं कोडं उरलेल्या तिघांत आहे.

प्रत्येक गुणाच्या पोटात आणखी भाग असतात. कॉस्टा आणि मॅक्रे यांच्या १९९२ च्या प्रश्नावलीत गुणाला सहा, असे तीस पोटभाग आहेत आणि प्रत्येकाची आठ विधानं, एकूण २४०. आता क घ्या. बहिर्मुखतेच्या सहा भागांत घोळक्यात रमणं हा एक आणि ठामपणे आपलं म्हणणं रेटणं हा दुसरा. लोकांत हे दोन्ही बहुधा बरोबर चालतात म्हणूनच एका गुणात बसवलेत, पण एखाद्या माणसात त्यांची फारकत असू शकते. क ला घोळका नको, पण ठामपणा त्याच्यात पुरेपूर दिसतो. नाहीतर साहेबांना प्रत कोण पाठवतं हो? 'अंतर्मुख' वाचून 'भिडस्त' लिहिणाऱ्याने दोन भागांची सरमिसळ केली. भिडस्तपणाचा बराचसा धागा तर मुळात भावनिक चंचलतेत आहे, 'लोक काय म्हणतील' या धास्तीत.

ख चं तसंच. काटेकोरपणात टापटीप हा एक भाग, आणि दिलेला शब्द पाळणं, हाती घेतलेलं तडीस नेणं हे वेगळे. टेबल बघून मुदतीचा अंदाज बांधला की असा घोळ होतो.

ग चा शिक्का गोड का, हे सांगायला अगदी सोपं आहे. त्या चार अक्षरांत भावनिक चंचलतेला जागाच नाही. बहिर्मुखता आणि चंचलता या दोन स्वतंत्र पट्ट्या आहेत, त्यामुळे माणूस दोन्हींत वरच्या टोकाला असू शकतो, चारचौघांत खळखळून हसणारा आणि एका खोचक वाक्याने रात्रभर जागणारा. कुणालाही आवडेल असाच निकाल द्यायचा असेल तर हीच पट्टी आधी गाळावी लागते.

शेवटचा एक मुद्दा, कारण याने घोळ फार होतो. अहवालात 'काटेकोरपणा ७०' दिसलं की लोकांना ते परीक्षेतले गुण वाटतात. बहुतेक वेळा त्याचा अर्थ एवढाच असतो की ज्या गटाशी तुलना केली त्यातल्या सत्तर टक्के लोकांपेक्षा तुमचा आकडा वर आहे. गट बदला, आकडा बदलेल.

शंकासुर:

प्रतिसाद आवडला, पण मूळ गोष्टच पटत नाही. मी घरात मांजर, मित्रांत वाघ आणि ऑफिसात प्रसंग बघून. यातला माझा 'स्वभाव' कुठला? सगळा परिस्थितीचा खेळ आहे. शिवाय प्रश्नावलीत लोक मनाला येईल ते ठोकून देत असतील.

मोजपट्टी:

दुसऱ्याचं उत्तर आधी. ठोकून देणारे सापडतात. प्रत्येक भागात मुद्दाम काही विधानं उलटी टाकलेली असतात. 'मी वस्तू जागच्या जागी ठेवतो' या विधानाला ५ म्हणजे पाचच गुण, पण 'मी वस्तू कुठेही टाकून देतो' ला ५ ची खूण असेल तर तिचे गुण सहातून पाच वजा करून १ धरायचे. कागद हातात आला की मी आधी अशा जोड्या बघायचे. दोन्हीकडे ५ दिसलं की समजायचं, स्वारीने विधानं न वाचता एक रकाना धरून सरळ खाली खुणा केल्या आहेत. बेरीज अशाने बरोब्बर मध्यावर येते आणि अहवालात माणूस अगदी 'संतुलित' दिसतो!

तुमचा पहिला आक्षेप मात्र भारदस्त आहे. १९६८ मध्ये वॉल्टर मिशेलने नेमका हाच घेतला आणि या शास्त्राची झोप उडवली. गुणांच्या आकड्यावरून एखाद्या प्रसंगी माणूस काय करेल हे सांगायला गेलं तर सहसंबंध (दोन गोष्टी किती बरोबरीने चालतात याचा आकडा, ० म्हणजे मुळीच नाही, १ म्हणजे तंतोतंत) ०.३ च्या वर क्वचित जातो, असं त्याने दाखवलं. त्यावर पुढे उत्तरं आली. सेमूर एपस्टाइनने १९७९ मध्ये दाखवलं की एका प्रसंगाऐवजी अनेक दिवसांची सरासरी घेतली की सातत्य दिसू लागतं. मला सगळ्यात आवडतो तो विल्यम फ्लीसनचा २००१ चा अभ्यास. लोकांनी दिवसातून अनेकदा, त्या त्या वेळी आपण कसे वागतोय याची नोंद केली. दिसलं असं की एकच माणूस आठवड्याभरात पट्टीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जवळजवळ सगळीकडे फिरून येतो. पण त्याची या आठवड्याची सरासरी आणि पुढच्या आठवड्याची सरासरी एकमेकींच्या अगदी जवळ असते. तेव्हा तुमचं मांजर आणि वाघ दोन्ही खरे. तुमच्या आठवड्यात वाघाचा वाटा किती, हा तुमचा आकडा, आणि तो तुमच्या मित्राच्या आकड्यापेक्षा वेगळा असतो. मंगळवारच्या बैठकीत तुम्ही कोण असाल हे मात्र मला त्यावरून सांगता येणार नाही, आणि जो सांगतो त्याच्यापासून चार हात लांब राहा.

दोघींची आई:

अवांतर होतंय, पण विचारते. माझ्या दोन मुली, वयात थोडंच अंतर, घर तेच, शिस्त तीच. मोठी वह्यांना कव्हर घालून वर नाव लिहिणार, धाकटीची वही कुठल्या वर्गात राहिली तेच तिला माहीत नसतं. लोक मला विचारतात, धाकटीकडे दुर्लक्ष केलंस का? माझं काय चुकलं?

मोजपट्टी:

लोकांना म्हणावं, जुळ्यांचे अभ्यास वाचा. एकसारखी जुळी (जनुकं जवळपास तीच) आणि वेगळी जुळी (जनुकांनी साध्या भावंडांसारखी) यांची तुलना केली, किंवा मिनेसोटा विद्यापीठात १९७९ पासून झाला तसा वेगवेगळ्या घरांत वाढलेल्या जुळ्यांचा अभ्यास केला, तर माणसामाणसांतल्या स्वभावाच्या फरकापैकी साधारण ४० ते ५० टक्के फरक आनुवंशिक निघतो. याचा अर्थ तुमच्या धाकटीचा अर्धा स्वभाव जनुकांतून आला असा नाही हं. आकडा लोकांमधल्या फरकाबद्दल आहे, एका माणसाबद्दल नाही. खरी गंमत उरलेल्या अर्ध्यात आहे. ते श्रेय किंवा खापर आपण घराला देतो, पण एका घरात वाढल्याने भावंडं स्वभावाने एकसारखी होतात असं फारसं दिसतच नाही. उरलेला भाग प्रत्येकाच्या वाट्याला आलेल्या वेगळ्या अनुभवांचा, आणि काही अंशी मोजमापातल्या चुकांचा. सख्ख्या बहिणींत जनुकंही सरासरी निम्मीच सामाईक. तुमच्याकडे दोघी वेगळ्या आहेत यात नवल नाही. वह्या हरवणं आवडत नसेल तर त्या शोधून ठेवायची सवय लावा, तेवढं आईच्या हातात असतं.

अर्धविराम:

मनापासून आभार, मोजपट्टी ताई. क बद्दलचं वाचून तर मी खुर्चीत सरळ बसले. आता कामाचं विचारते. साहेबांचं म्हणणं, क ला बैठकीत बोलतं करायचं हे माझं उद्दिष्ट. करू का? आणि आजोबांचं औषध राहिलंच.

मोजपट्टी:

औषध आहे, पण मात्रा लहान आणि पथ्य मोठं.

आपोआप होणारे बदल आधी. २००६ मध्ये ब्रेंट रॉबर्ट्स आणि सहकाऱ्यांनी, त्याच त्या लोकांना वर्षानुवर्षं मोजणारे ९२ अभ्यास एकत्र करून पाहिले. विशी-तिशीत लोक सरासरीने जास्त काटेकोर आणि भावनिकदृष्ट्या जास्त स्थिर होत जातात. आजोबांच्या बाजूनेही बोलायला जागा आहे. गटातला क्रम, म्हणजे कोण कोणापेक्षा जास्त चिंता करतो हे, वयाबरोबर घट्ट होत जातं. सगळे निवळतात, पण जो सगळ्यांत काळजीखोर होता तो बहुधा त्या निवळलेल्यांतही सगळ्यांत काळजीखोर राहतो.

आणि मुद्दाम केलेले बदल. रॉबर्ट्स यांच्याच २०१७ च्या संकलनात उपचारांचे २०७ अभ्यास होते. सरासरी २४ आठवड्यांच्या उपचारांत लोक बदलले, सर्वांत जास्त भावनिक स्थिरतेत. ग ला कधी स्वतःहून वाटलं, की या दोन-दोन दिवसांचा आपल्यालाच जाच होतोय, तर समुपदेशकाकडे जाण्यात अर्थ आहे. पण ते त्याला वाटायला हवं. टीमच्या उद्दिष्टांच्या यादीत ते घालू नका.

क ला मात्र हात लावू नका. ऑस्ट्रेलियात झालेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात लोकांना आठवडाभर बहिर्मुखासारखं वागायला सांगितलं होतं. सरासरीने लोकांना बरं वाटलं, पण जे मुळात फार अंतर्मुख होते त्यांना फायदा कमी झाला, उलट थकवा आला आणि आपण नाटक करतोय असंही वाटलं. तुम्हाला क चा आवाज हवाय की क चे मुद्दे? मुद्दे हवे असतील तर बैठकीचा मसुदा त्याला आदल्या दिवशी द्या आणि त्याचं लेखी मत बैठकीआधी मागवा. म्हणजे ती ईमेल निर्णय झाल्यावर येण्याऐवजी निर्णयाआधी येईल. साहेबांनाही ते जास्त सोयीचं.

कामाची वाटणी शिक्क्यावरून करावी का, याला माझं उत्तर स्पष्ट 'नाही'. बॅरिक आणि माउंट यांनी १९९१ मध्ये अनेक व्यवसायांतले अभ्यास एकत्र केले. पाचांपैकी सगळीकडे उपयोगी पडलेला गुण एकच, काटेकोरपणा, आणि त्याचाही कामगिरीशी सहसंबंध ०.२ च्या आसपास. त्याचा वर्ग केला तर कामगिरीतल्या फरकापैकी चारेक टक्के. शेकडो अर्ज चाळणाऱ्याला हे चार टक्के कामाचे असतात. तुमच्यापुढे ख ची आजवरची सगळी कामं तारखांसकट पडली आहेत. त्यापुढे प्रश्नावली काय सांगणार?

एवढं करून टीमला चाचणीच द्यायची असेल तर विधानांचा एक खुला साठा जालावर आहे, आयपिप (IPIP) नावाचा, वापरायला फुकट. त्यात १२० विधानांची प्रश्नावली मिळेल, तीसही पोटभाग मोजणारी. निकाल ज्याचा त्याच्याकडे राहू द्या.

खटपट्या:

पाचही गुण ओळीने वाचले, लबाडी कुठे सापडेना. आमच्या इथला एक नमुना हसतमुख, काटेकोर, सगळ्यांशी गोड, आणि दुसऱ्याचं काम स्वतःच्या नावावर खपवण्यात पटाईत. तो कुठे बसतो?

मोजपट्टी:

पाचांत तो नीट बसत नाही, आणि हे बऱ्याच संशोधकांनाही खटकलं होतं. थोडा भाग 'जुळवून घेणं' मध्ये येतो, पण तुमचा नमुना तिथे उत्तम गुण मिळवून जाईल. मायकेल ॲश्टन आणि किबॉम ली यांनी कोरियन, फ्रेंच, इटालियन वगैरे भाषांतल्या शब्दांचे अभ्यास शेजारी शेजारी ठेवले तेव्हा सहावा गठ्ठा वर आला, प्रामाणिकपणा आणि विनम्रता. खालच्या टोकाला लाळघोटेपणा, हाव, दुसऱ्याचा वापर करून घेणं. त्यांच्या मांडणीला हेक्साको म्हणतात. आणि सहा हाही काही शेवटचा आकडा नाही. बोलिव्हियातल्या चिमाने लोकांचा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. शिकार आणि शेती करून लहान वस्त्यांत राहणारे हे लोक. तिथे पाच गुण स्पष्ट निघालेच नाहीत, दोनच ढोबळ गठ्ठे दिसले, लोकांच्या उपयोगी पडणं आणि कष्टाळूपणा.

पण तुमच्या नमुन्याच्या हातात फॉर्म देऊन काय मिळणार, तो तिथेही गोडच लिहील. सिमीन वझीर यांनी २०१० मध्ये दाखवलं की मनातली धाकधूक माणसाची त्यालाच जास्त ठाऊक असते, पण ज्या गुणांत चांगलं दिसण्याची ओढ असते तिथे ओळखीचे लोक जास्त बरोबर सांगतात. म्हणून लबाडीची चौकशी करायची तर त्याच्याबरोबर काम केलेल्या दोघा-तिघांकडे करा, एकेकट्याने. निवडीच्या कामात मी प्रामाणिकपणाच्या रकान्यात पैकीच्या पैकी दिसले की तो कागद वेगळा काढायचे आणि आधी फोन लावायचे.